डॅशबोर्डखालीही वाकून पाहा

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ मानायची, नव्याने नोंदणी करताना तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी द्यायची, त्यासाठी २०,००० रुपये आणि पुढच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवण्याची मुभा आहे, ही त्यातली फार समजूतदार गोष्ट. ‘मूळ रूप’ म्हणजे काय तेही नियमात सांगितले आहे : चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. या तीन नावांपुढे व्याख्या थांबते. जुनी गाडी पेटली की संशय आधी पेट्रोलच्या नळीवर आणि वायरिंगवर जातो. त्यातल्या वायरिंगविषयी ही व्याख्या अवाक्षर काढत नाही.

हा प्रश्न फक्त राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा असता, तर हे पत्र लिहिण्याची गरज नव्हती. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात निघणाऱ्या मेबॅकची काळजी घ्यायला माणसे आहेत. पण आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर वेगळीच गर्दी उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. त्या पहिल्या पद्मिनींना आता पन्नास वर्षे पूर्ण झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. टॅक्सी गेल्या, पण घरोघरच्या खासगी पद्मिनी गेल्या नाहीत. वडिलांची गाडी म्हणून ताडपत्रीखाली ठेवलेल्या किती गाड्या आता बाहेर निघतील! त्यांचे मालक श्रीमंत संग्राहक नाहीत. ते नाक्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे जातील आणि म्हणतील, “वायरिंग पूर्ण नवीन करून टाक.”

ते काम कसे होते, हे आपल्या खात्याने जवळून पाहावे, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या गाडीची वायर हातात घेतली की आधी तिचे सौंदर्य दिसते. आत पिळलेल्या तांब्याच्या तारा, वर रबराचे आवरण, त्यावर सुती धाग्याची विणलेली जाळी आणि त्या जाळीत रंगीत रेघ. रंगांनाही अर्थ असे. ल्यूकसची विद्युतसामग्री असलेल्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची वायर, पांढरी इग्निशनची, हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, लाल टेललाइटची, काळी अर्थची. हीच वायर जरा वाकवली की रबराचा भुगा होऊन जाळीतून गळू लागतो. आतली तार काळी पडलेली असते. किनारपट्टीवर, रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत, ती हिरवी होते आणि तो हिरवा गंज आवरणाच्या आत लांबपर्यंत शिरतो. अशा तारेवर कथील धरत नाही, टर्मिनल दाबले तर ते पकड घेत नाही. वरून मात्र सगळे जिथल्या तिथे दिसते. दिवाही लागतो. हॉर्नही वाजतो. एखाद्या दिवशी पत्र्याच्या धारेवर तिचे उघडे अंग टेकते आणि बॅटरीतला सगळा प्रवाह त्या एका ठिकाणाहून वाट काढतो.

नवी वायरिंग करणे हा मग एकच शहाणपणाचा मार्ग उरतो. पण नवी म्हणजे कोणती? एमजी किंवा मॉरिससारख्या गाड्यांचे मूळ रंगातले तयार हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचे बांधलेले जुडगे, ब्रिटनमध्ये विकत मिळतात. ते मागवणे सगळ्यांना परवडत नाही, आणि १९३०च्या दशकातल्या कितीतरी गाड्यांचे हार्नेस आज कोणीच बनवत नाही. आपल्याकडे १९९१ पूर्वी परदेशी सुटा भाग मागवणे म्हणजे परवान्यांसाठी खेटे घालणे होते. त्यामुळे ‘जे मिळेल त्यातून भागव’ ही गॅरेजांची रीतच पडली. क्यूबात हेच आणखी टोकाला गेले. १९५९च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकेच्या निर्बंधांनंतर तिथे राहिलेल्या शेव्हर्ले, ब्यूक, प्लिमथ गाड्या सोव्हिएत लाडा आणि मोस्कविचचे भाग पोटात घेऊन हवानाच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. आपल्या मिस्त्रींसाठी ही खाण म्हणजे कुर्ल्याचे भंगार, मुंबईचा चोर बाजार, पुण्याची नाना पेठ आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार. ट्रॅक्टरचा रिले, रिक्षाचा स्विच, टेम्पोचा फ्यूजबॉक्स, ट्रकचा बॅटरी कट-ऑफ असा माल तिथून येतो आणि ब्यूकच्या बॉनेटखाली बसतो.

आपल्या निरीक्षकांच्या नजरेला हे सगळे ‘जुगाड’ म्हणून एकाच रंगाचे दिसण्याची शक्यता आहे. तसे होऊ नये. यातली काही कामे कारखान्याइतकी भरवशाची असतात आणि काही जिवावर बेतणारी. वस्तू कुठून आणली यावरून ते ठरत नाही. बसवणाऱ्याला प्रवाहाचे गणित किती कळले आहे, यावर ते अवलंबून असते.

चांगले काम कसे असते? जाणता वायरमन जुना हार्नेस कापून फेकून देत नाही. तो अख्खाच्या अख्खा सोडवून प्लायवूडच्या फळीवर पसरतो, प्रत्येक फांदी जिथे फुटते तिथे खिळा ठोकतो, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावतो. मग त्या खिळ्यांमधून नव्या वायर ओढतो. फळीवरच हार्नेस पूर्ण होतो, गाडीत फक्त बसवायचा उरतो. बांधायला काळी चिकट टेप वापरली तर दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद पाघळतो आणि हाताला डिंकासारखा लागतो. म्हणून काही कारागीर चांभारकामाचा मेण लावलेला दोरा घेतात आणि ठरावीक अंतरावर गाठ मारत हार्नेस बांधतात. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि विमानांत वायरींचे जुडगे याच तऱ्हेने मेणाच्या दोऱ्याने बांधलेले असत. चांभाराचा दोरा हे साहित्य तात्पुरते खरे, पण काम पक्के. बॉनेटमागच्या पत्र्यातून वायर आत जाते त्या भोकाला मूळ रबरी ग्रोमेट मिळाला नाही, तर पेट्रोलच्या जाड नळीचा तुकडा उभा चिरून धारेवर बसवणेही योग्य. तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे मात्र अयोग्य, कारण गाडीच्या थरथरीने धार ती पातळ रबरी पट्टी कापून टाकते.

सगळ्यात शहाणी युक्ती दिसते ती पहिल्यांदा बॅटरी जोडताना. नवा हार्नेस बसला, सगळी टोके जोडली, आता करंट सोडायचा. अननुभवी माणूस केबल टेकवतो आणि ठिणगी पाहून मागे सरकतो. जाणता मिस्त्री आधी सगळे स्विच बंद करतो, मग बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये हेडलाइटचा एक जुना बल्ब जोडतो. बल्ब पेटला नाही तर मार्ग साफ. झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्या शॉर्टमधून जास्तीत जास्त त्या बल्बापुरता, म्हणजे चार-पाच अँपिअरच प्रवाह जाऊ शकतो, त्यामुळे वायर जळत नाही. मग तो एकेक फांदी सुटी करत जातो. ज्या क्षणी बल्ब विझतो, त्या क्षणी दोषी वायर हाती लागते. भंगारातल्या एका बल्बावर हे सगळे भागते. हे ज्याने शोधून काढले त्याला दंडवत घालावा, असे हे काम आहे.

आता दुसरी बाजू. फियाटच्या घराण्यातल्या गाड्यांत चिनी मातीच्या अंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात. पांढरा आठ अँपिअरचा, लाल सोळाचा. दमट हवेत त्यांची टोके गंजतात, फ्यूज सतत उडतो किंवा पकडच सोडतो. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी निघते आणि फ्यूजवर गुंडाळली जाते. त्या क्षणापासून गाडीतली प्रत्येक वायर हीच फ्यूज झालेली असते. फ्यूज दिव्याला वाचवायला असतो असा समज सर्रास आढळतो. तो वायरला वाचवायला असतो, हे एक वाक्य राज्यातल्या प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावायला हवे.

अज्ञान नेहमी स्वस्ताईतून येते असेही नाही. ल्यूकसच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेले असते. तो आकडा फ्यूज कितीला उडेल याचा असतो. सतत वाहण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर. आजच्या पात्यासारख्या फ्यूजवरचा आकडा मात्र सतत वाहण्याचा असतो. कोणी इमानदारीने जुन्याच्या जागी आजचा ३५चा किंवा ३०चा फ्यूज लावला, तरी त्या वायरचे संरक्षण जवळजवळ निम्म्यावर आणून ठेवले. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत अख्ख्या गाडीला फ्यूजच दोन, आणि हेडलाइटचा मार्ग बहुधा फ्यूजशिवायच. अशा गाडीत ‘अगदी कंपनीसारखी’ वायरिंग केली, तर कंपनीने ठेवलेली उणीवही तशीच पुन्हा बसते.

हेडलाइटचा हिशेब तर मुद्दाम मांडून पाहावा असा आहे. जुन्या गाडीचे मूळ बल्ब चाळीस-पंचेचाळीस वॅटचे. एक चौरस मिलिमीटरची गाडीची वायर, जिला मिस्त्री ‘चौदा तारांची’ म्हणून ओळखतात, साधारण पावणेनऊ अँपिअर सोसते. घाटात नीट दिसत नाही म्हणून मालक बाजारातले १०० वॅटचे बल्ब लावतो. दोन बल्ब मिळून १२ व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर झाले. प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. शिवाय व्होल्टेज वाटेतच गळते. बल्बापाशी ते दहा टक्के कमी पोचले, तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे वायर तापली, डॅशबोर्डचा जुना स्विच वितळायला आला आणि दिवा तरी म्हणावा तसा लागलाच नाही. उपाय स्वस्त आहे. हेडलाइटजवळ एक रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीपासून त्याच्यापर्यंत जाड वायर आणि मध्ये फ्यूज. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे असतात. ते जर्मन मानकातून आले आणि आज आपल्या रिक्षापासून ट्रकपर्यंत चालतात. स्विचमधून मग पाव अँपिअरही जात नाही. हा रिले कुठल्या टेम्पोतून काढला, हे विचारायचे कारण उरत नाही.

घरगुती वायरिंगची उरलेली वायर गाडीत घालणे ही दुसरी सर्रास चूक. भिंतीतल्या वायरला एकदा बसल्यावर हलायचे नसते. तिच्यात तारा कमी आणि जाड असतात, आणि तिच्या आवरणाची निवड इंजिनची उष्णता, तेल आणि पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून केलेली नसते. गाडीत ती कंपनाने टर्मिनलच्या तोंडाशी एकेक तार तोडत जाते. उरलेल्या दोन-तीन तारांवर सगळा भार येतो आणि आग तिथूनच सुरू होते. हौशी लोकांच्या बदललेल्या गाड्यांत, मोठे ॲम्प्लिफायर आणि जादा फॉगलॅम्प बसवताना, याहून फसवा माल येतो : ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. दिसायला लालसर, किंमत कमी. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी निघते. शुद्ध तांब्याच्या तुलनेत ती साधारण दोनतृतीयांशच वीज वाहते. जाडी तीच पाहून घेतलेली वायर म्हणजे गणितात एक तृतीयांश तूट.

आणि अर्थिंग. गाडीला नवा रंग मारून आणला आणि दिवे मिणमिणू लागले, ही तक्रार प्रत्येक इलेक्ट्रिशियनच्या ओळखीची. रंग हा उत्तम विद्युतरोधक. त्याच्यावरच अर्थचा बोल्ट आवळला जातो. बोल्टखालचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर दातेरी वायसर लावायचा आणि वरून व्हॅसलीन चोपडायचे, एवढेच हवे असते. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी मात्र विसरली, तर प्रकार गंभीर होतो. सेल्फ मारताना शे-दीडशे अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. त्याला घरी परतायची वाट हवीच. पट्टी नसेल तर तो चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून जातो. ती केबल लालबुंद होते, आणि ती बसलेली असते कार्ब्युरेटरला.

आयुक्तसाहेब, आता मागणीकडे येऊ.

पहिली गोष्ट खात्याने एका परिपत्रकात स्पष्ट करावी : सुरक्षिततेसाठी केलेली नवी वायरिंग, जादा फ्यूज, रिले आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच यांमुळे गाडीचे ‘मूळ रूप’ गेले असे धरले जाणार नाही. नियमाच्या शब्दांत हे बसते, कारण तिथे चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांचेच नाव आहे. तरीही मालकांच्या मनात धाकधूक असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल आहे. या धाकाने कोणी कुजलेली सुती वायर तशीच ठेवत असेल, तर नियमाचा हेतूच हरला. ज्यांना सौंदर्य जपायचे आहे त्यांनी नवा फ्यूजबॉक्स सीटखाली लपवावा, आतल्या आधुनिक वायरवर सुती जाळी चढवून घ्यावी. त्यात फसवणूक नाही.

दुसरी गोष्ट तपासणीची. नोंदणीच्या वेळी दिवे लागतात का आणि हॉर्न वाजतो का हे पाहण्याबरोबरच एका पानाचा वायरिंगचा तक्ता भरून घ्यावा. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक मार्गावर फ्यूज आहे का, त्याचा आकडा वायरच्या जाडीला साजेसा आहे का, पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरला ग्रोमेट आहे का, इंजिनची अर्थपट्टी जागेवर आहे का, सगळे बंद असताना बॅटरीतून काही प्रवाह झिरपतो का. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. टेस्ट लॅम्प आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर ते होते. बॅटरी कट-ऑफ मात्र सक्तीचा करावा. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराने वायर कुरतडली तरी तो बंद असला की आग लागायला वीजच नसते. ट्रकच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. डायनामोचा कटआऊट फायलीने घासून जुळवणारे, सहा व्होल्टची जीप बारावर नेताना कोणती वायर ठेवायची आणि कोणते मीटर वाचवायचे हे सांगणारे, पॉझिटिव्ह अर्थच्या ब्रिटिश गाडीत आजचा रेडिओ का जळतो हे समजावणारे वायरमन आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे त्यांच्या सहीला किंमत नाही. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स’ हा ट्रेड आहे. कौशल्य विकास विभागाला सोबत घेऊन त्याच संस्थांत या वस्तादांची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी, उत्तीर्णांची यादी जाहीर करावी आणि वायरिंगच्या तक्त्यावर त्यांची सही ग्राह्य धरावी. मुलांना त्यांच्या हाताखाली काही आठवडे पाठवावे. खिळे ठोकलेली फळी आणि हेडलाइटचा बल्ब कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर शिकवतील.

पद्मिनींचे अर्ज आता येऊ लागतील. पहिला अर्ज टेबलावर येण्याआधी हा एक पानाचा तक्ता तयार असावा, ही विनंती. तो तयार करायला बसाल तेव्हा अभियंत्यांच्या शेजारी गॅरेजमधला एक वायरमनही बसवावा.



आपला,
जुन्या गाड्यांचा एक चाहता